परदेशी मदतीने एखाद्या देशातला भ्रष्टाचार खरंच कमी होतो का?

होतो, पण त्या देशातल्या राज्यकर्त्यांनी दार उघडं ठेवलं तोवरच. मध्य अमेरिकेतल्या ग्वातेमाला या देशाचं उदाहरण घ्या.

संयुक्त राष्ट्रांशी करार करून तिथे 2007 मध्ये ‘सिसिग’ हा बड्यांच्या गुन्ह्यांचा आणि भ्रष्टाचाराचा तपास करणारा आयोग सुरू झाला. पैसा अमेरिका, युरोपीय देश अशा देणगीदारांचा, तपासनीस बरेचसे बाहेरचे. खटले मात्र स्थानिक सरकारी वकिलांसोबत, त्यांच्याच न्यायालयांत. मला ही रचना फार मोलाची वाटते, कारण नुसती कार्यशाळा घेऊन निघून जाणारे प्रकल्प आपण पुष्कळ पाहिलेत.

2015 मध्ये ‘ला लिनेआ’ प्रकरण फुटलं. लिनेआ म्हणजे फोनची लाइन. आयातदाराने एका ठरावीक नंबरवर फोन करायचा, लाच ठरवायची, की बंदरात कंटेनरवरचं सीमाशुल्क कमी लागायचं. आयोगाने आणि वकिलांनी हेच फोन महिनोन् महिने ऐकले आणि धागे थेट देशाच्या सर्वोच्च पदांपर्यंत पोचले. लोक शनिवारी शनिवारी राजधानीच्या चौकात जमू लागले. आधी उपाध्यक्षा बाल्देत्ती पायउतार झाल्या, सप्टेंबरमध्ये अध्यक्ष पेरेझ मोलिना यांनी राजीनामा दिला. 2022 मध्ये दोघांनाही शिक्षा झाली.

पण त्यानंतर निवडून आलेले अध्यक्ष मोरालेस यांच्यापर्यंत चौकशी पोचली, तेव्हा त्यांनी कराराची मुदतच वाढवली नाही. सप्टेंबर 2019 मध्ये आयोग बंद. त्यानंतर ज्या स्थानिक वकील-न्यायाधीशांनी जीव धोक्यात घालून हे खटले चालवले, त्यांतल्या अनेकांना देश सोडावा लागला. देणगीदारांनी त्यांच्या संरक्षणाची सोय पहिल्या दिवसापासून करायला हवी होती, असं माझं ठाम मत आहे.