पावसाळ्यात पाच वेळा तोंड धुऊनही चेहरा तेलकट का राहतो? काय करावं?

तुमच्या प्रश्नात बरीच माहिती आहे, त्यामुळे नेमकं उत्तर देता येईल. तुम्ही ठाण्यात राहता, दुचाकीने ऑफिसला जाता, दिवसातून पाच वेळा फेसवॉश वापरता. जून लागल्यापासून मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन दोन्ही बंद केलीत, एक दिवसाआड बेसन-लिंबू लावता. तरी दुपारी बारापर्यंत चेहरा चिकट होतो आणि कपाळावर बारीक पुरळ उठलंय. माझ्या मते यात पावसाचा दोष निम्माच आहे, उरलेला निम्मा या उपायांचा.

आधी तो चिकटपणा नक्की कशाचा, ते बघा. हवेतली आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांवर गेली की घाम सुकत नाही. तो त्वचेवरच्या तेलात मिसळतो आणि पातळ थर होऊन चेहराभर पसरतो. एप्रिलमध्येही जवळपास तेवढंच तेल सुटत असतं, पण घाम उडून जातो म्हणून ते इतकं जाणवत नाही. घरी करून बघण्यासारखी चाचणी सांगतो. दुपारी साधा टिश्यू पेपर कपाळावर पाच सेकंद दाबून धरा, पुसू नका. मग तो पंख्याखाली दहा मिनिटं ठेवा. डाग सुकून गेला तर तो घाम. कागद उजेडात धरल्यावर पारदर्शक ठिपके तसेच दिसले तर ते तेल. कपाळ, नाक, हनुवटी आणि गाल वेगवेगळे तपासा. बऱ्याच जणांचं कपाळ-नाक तेलकट निघतं आणि गाल चक्क कोरडे. अशा गालांना तेलकट त्वचेचे उपाय लावले की ते सोलवटतात.

आता धुण्याबद्दल. 'जास्त धुतलं की त्वचा सूड म्हणून जास्त तेल सोडते' असं सगळीकडे वाचायला मिळतं. त्याला फारसा आधार नाही. तैलग्रंथी मुख्यतः हार्मोन्सच्या सांगण्यावरून चालतात, फेसवॉशच्या नाही. धुतल्यावर काही तासांत तेल पुन्हा येणारच. नुकसान होतं ते त्वचेच्या वरच्या संरक्षक थराचं. तो झिजला की चेहरा वरून चकाकतो, आतून ओढल्यासारखा वाटतो आणि काहीही लावलं तरी चुरचुरतो. धुतल्यावर गाल भांड्यासारखे करकरीत लागत असतील तर ती स्वच्छता नाही, अतिरेक आहे.

फेसवॉश दोनदाच, सकाळी आणि रात्री. ऑफिसला घामाघूम होऊन पोचलात तर नुसत्या पाण्याचे हबके मारा आणि टिपून घ्या. मध्ये तेल आलं तर टिश्यू दाबायचा. टिपल्याने तेल वाढत नाही. फेसवॉश हरभऱ्याएवढा पुरतो. आधी चेहरा ओला करा, फेस तळहातावर काढा आणि बोटांच्या पेरांनी सुमारे मिनिटभर फिरवा. नाकाच्या कडा आणि हनुवटीखालचा भाग हमखास राहून जातो. कोमट किंवा साधं पाणी घ्या, कडकडीत नको. धुताना केसांची कड आणि कानांपुढचा भाग नीट निघाला पाहिजे, कारण तिथे फेस राहिला तर पुरळ उठू शकतं. अंगाचा साबण चेहऱ्याला लावू नका. त्वचेचा पीएच (आम्लता मोजायचं माप, सातच्या खाली आम्लधर्मी) साधारण पाचच्या आसपास, तर साबणाचा नऊ-दहा असतो. बोअरवेलच्या जड पाण्यात साबणाचा चिकट थर बसतो तो वेगळाच. पाकिटावर 'सोप-फ्री' लिहिलेलं क्लेन्झर घ्या.

औषधी घटक एकच निवडा: सॅलिसिलिक ॲसिड, १ ते २ टक्के. ते तेलात विरघळतं, म्हणून छिद्राच्या आत पोचून साचलेला मळ सैल करतं. सुरुवातीला फक्त रात्री, तेही एक दिवसाआड. सकाळी साधं क्लेन्झर. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल तर मात्र हे टाळा.

मॉइश्चरायझर पुन्हा सुरू करा, फक्त प्रकार बदला. क्रीम नको, जेल घ्या. घटकांमध्ये ग्लिसरीन किंवा हायल्युरॉनिक ॲसिड असावं, नायसिनामाइड २ ते ५ टक्के असेल तर उत्तम. दहा टक्केवाल्या सीरमच्या मागे धावू नका, त्याने पुष्कळांचा चेहरा लाल होतो. वाटाण्याएवढं जेल, चेहरा किंचित ओलसर असताना. पावसाळ्यात सकाळचा थर जड वाटला तर फक्त रात्री लावा, इतपत सूट चालेल.

ढग आहेत म्हणून सनस्क्रीन सोडू नका. यूव्हीए किरण ढगांतून बऱ्यापैकी खाली येतात आणि मुरुमांचे काळे डाग गडद करतात. एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त, पीए तीन प्लस (पाकिटावर PA+++, म्हणजे यूव्हीएपासूनचं संरक्षण), जेल किंवा पातळ फ्लुइड. चेहरा आणि मान मिळून तर्जनी आणि मधलं बोट भरून दोन रेघा, एवढं लागतंच. लोक याच्या पावपट लावतात आणि उपयोग नाही म्हणतात. लावल्यावर पांढऱ्या गुठळ्या सुटत असतील तर खालचं जेल सुकायच्या आत सनस्क्रीन चोळलंय. पाचएक मिनिटं थांबा आणि चोळण्याऐवजी थापून लावा. घामाबरोबर डोळ्यांत उतरून झोंबत असेल तर कपाळाला आणि डोळ्यांभोवती झिंक ऑक्साइडवालं वापरा. पावसात भिजलात की पुन्हा लावायचं.

कपाळावरच्या पुरळाकडे मात्र नीट बघा, कारण ते मुरूम नसण्याचीही शक्यता आहे. मुरमांमध्ये सरमिसळ असते: काळ्या टोकाचे, पांढऱ्या टोकाचे, एखादा मोठा दुखरा. याउलट सगळे दाणे एकसारखे मोहरीएवढे असतील, खाज येत असेल, घाम आला की वाढत असतील आणि छाती-पाठीवरही असतील, तर ते बहुधा मॅलॅसेझिया नावाच्या यीस्टमुळे, म्हणजे एका बुरशीमुळे आहेत. हे यीस्ट प्रत्येकाच्या त्वचेवर असतं, तेलावर जगतं आणि दमट हवेत फोफावतं. त्याला मुरमांच्या अँटिबायोटिकने फरक पडत नाही, उलट ते वाढू शकतं. केटोकोनाझोल २ टक्क्यांचा शॅम्पू त्या भागाला तीन ते पाच मिनिटं लावून धुऊन टाकायचा, एक दिवसाआड, दोन-तीन आठवडे. डोळ्यांत जाऊ देऊ नका. डोक्यात कोंडा असेल तर तिथेही तोच वापरा. तेवढ्यात उतार पडला नाही तर अंदाजाने पुढे रेटू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

आणि हेल्मेट! पुरळ कपाळाच्या वरच्या पट्ट्यातच जास्त असेल तर मला पहिला संशय त्याचाच येईल. ओलं अस्तर, घाम, घासणं आणि केसांचं तेल, सगळं एकाच जागी. अस्तर निघत असेल तर आठवड्यातून एकदा सौम्य डिटर्जंटने धुवा. निघत नसेल तर आत पातळ सुती टोपी घाला. अशा दोन-तीन ठेवा आणि रोज बदला. ऑफिसात पोचल्यावर हेल्मेट डिकीत कोंबू नका. उलटं करून, काच उघडी ठेवून पंख्याच्या वाऱ्यावर ठेवा.

टॉवेलचंही तेच. जुलैत जाड टर्किश टॉवेल दोन दिवस दांडीवर राहिला तरी मधोमध ओलसर असतो आणि कुबट वास मारतो. चेहऱ्याला वेगळा पंचा ठेवा. पातळ असल्याने पंख्याखाली काही तासांत सुकतो. ऊन नसेल तर त्यावर इस्त्री फिरवा. उशीचा अभ्रा दोन-तीन दिवसांनी बदला.

केसांना तेल लावायचं असेल तर न्हाण्याआधी तासभर पुरे. रात्रभर ठेवलं की ते अभ्र्यावरून गालावर येतं. न्हाताना आधी केस, मग चेहरा आणि पाठ, म्हणजे कंडिशनरचा अंश त्वचेवर राहणार नाही.

बेसन-लिंबू आजपासून बंद. लिंबाचा रस तीव्र आम्लधर्मी, पीएच दोनच्या आसपास. वर बेसनाची रवाळ घासण. त्वचा काही काळ कोरडी वाटते, म्हणून लोकांना गुण आला असं वाटतं. खाण्याचा सोडा आणि टूथपेस्ट याच पंक्तीतले. मुलतानी माती चालेल, पण आठवड्यातून एकदा. दोन चमचे माती पाण्यात किंवा गुलाबपाण्यात कालवून पातळ थर द्या, फक्त तेलकट भागावर. आठ-दहा मिनिटांत, थर ओलसर असतानाच धुवा. तडे जाईपर्यंत थांबलात तर माती त्वचेतलं पाणीही ओढते. कालवलेलं उरलं तर टाकून द्या. अशा हवेत त्याला लगेच बुरशी धरते. कोरफड लावणार असाल तर पान कापून पिवळा चीक आधी निथळून जाऊ द्या, तोच खाज आणतो.

खाण्याबद्दल थोडक्यात: कांदाभजीचं तेल चेहऱ्यावर येत नाही, निश्चिंत खा. गोड पेयं, मैदा, बेकरीचे पदार्थ यांनी रक्तातली साखर झटकन चढते आणि त्याचा मुरमांशी संबंध दिसतो, तेव्हा तिथे हात आखडता घ्या. जिममध्ये व्हे प्रोटीन सुरू केल्यावर मुरूम वाढले असतील तर ते महिना-दोन महिने थांबवून बघा. भरपूर पाणी प्यायल्याने तेल कमी होत नाही.

एक इशारा गंभीरपणे. औषधाच्या दुकानात 'खाज आणि पुरळ दोन्हीवर' म्हणून दिली जाणारी ट्यूब उलटून घटक वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन यातलं काही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. चार दिवसांत चेहरा चकचकीत होतो. महिनाभराने त्वचा पातळ, लाल, पुरळाने भरलेली, आणि ट्यूब थांबवली की आणखी भडकते. पावसाळ्यात गजकर्णही वाढतं. त्याला ही ट्यूब लावली की खाज थांबते, पण बुरशी खाली पसरत राहते.

खोल, दुखऱ्या गाठी होत असतील, खड्डे पडत असतील, किंवा स्त्रियांमध्ये पाळी अनियमित असून हनुवटीवर राठ केस येत असतील तर वरवरच्या उपायांत वेळ घालवू नका. ॲडापलिन, बेन्झॉइल पेरॉक्साइड अशी मुरमांवर लावायची औषधं चांगली आहेत, पण डॉक्टरांना नीट विचारून घ्या. ॲडापलिनचा परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात आणि गरोदरपणात ते वापरत नाहीत. बेन्झॉइल पेरॉक्साइड रंगीत टॉवेल आणि अभ्र्यांवर पांढरे डाग पाडतं. डॉक्टरकडे जाताना आजवर चेहऱ्याला लावलेलं सगळं पिशवीत घालून न्या, पार्लरमधून आणलेली बिननावाची डबीसुद्धा.