तीनदा उडालेला एम-थ्री

"मॅडम, मी वाशिम जिल्ह्यातला. मेकॅनिकल डिप्लोमा 84 टक्क्यांनी झाला, मग पुण्यात डायरेक्ट सेकंड इयरला आलो. एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, तीनदा दिला, तिन्ही वेळा उडाला. आता थर्ड इयरला हीट ट्रान्सफरही गेला. अभ्यास केला काय, नाही केला काय, निकाल तोच. माझं डोकंच इंजिनिअरिंगचं नाही. सगळे सांगतात, पॉझिटिव्ह राहा, माइंडसेट बदल. तो बदलतात कसा, तेवढं सांगा. की सोडून देऊन एमपीएससीला लागू? घरी अजून काही बोललो नाही. उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी जोडली आहे.
ता. क. रिपीटरचा क्लास लावू का? फी बरीच आहे."

तुझं पत्र नंतर वाचलं, आधी फोटोकॉपी वाचली. गणित हा काही माझा प्रांत नाही, म्हणून इंजिनिअरिंग कॉलेजात गणित शिकवणाऱ्या एका मैत्रिणीला शेजारी बसवून घेतलं.

पहिलंच गणित घे. डावीकडे डी स्क्वेअर अधिक चार, उजवीकडे साइन टू एक्स. उत्तराचा पहिला भाग, कॉम्प्लिमेंटरी फंक्शन, तू बिनचूक काढला आहेस. दुसऱ्या भागात, पर्टिक्युलर इंटिग्रलला, डी स्क्वेअरच्या जागी उणे चार घातलेस, छेद शून्य झाला, आणि तिथे तू पानभर तिरकी रेघ मारून पुढे गेलास. मैत्रीण हळहळली, "अगं, इथून दोन ओळींचं काम होतं!" बाहेर एक्स घ्यायचा, छेदाचं डेरिव्हेटिव्ह करायचं, खाली टू-डी उरतो, एकदा इंटिग्रेट केलं की उत्तर हातात. छेद शून्य झाला म्हणजे तुझं चुकलं असं नव्हतंच. पेपर काढणाऱ्याने गणितच तसं बेतलं होतं. पुढच्या प्रश्नातही तेच. पार्शल फ्रॅक्शन बरोबर, लाप्लासचं इन्व्हर्स निम्म्यावर, मग रेघ. शेवटचे दोन प्रश्न तर तू घेतलेसुद्धा नाहीस. डोकं नसलेल्या मुलाला ते पार्शल फ्रॅक्शन जमलं नसतं, एवढं मैत्रिणीने मला ठामपणे सांगितलं आहे.

आता तू वर्गातल्या ज्या मुलांशी स्वतःला ताडून बघतोस, ती बारावीवरून आली आहेत. पहिल्या वर्षी एम-वन आणि एम-टू घासून आली आहेत. पार्शल डिफरन्सिएशन, मल्टिपल इंटिग्रल, फर्स्ट ऑर्डरची डिफरन्शियल इक्वेशन्स त्यांच्या हाताखालून गेली आहेत, आणि एम-थ्री त्यावरच उभा आहे. डिप्लोमाला गणित असतं, पण या खोलीचं नसतं. त्यात डायरेक्ट सेकंड इयरच्या कॅप राउंड, म्हणजे सरकारी प्रवेशफेऱ्या, उशिरा उरकतात. तू कॉट बेसिस शोधून, मेस लावून वर्गात येऊन बसलास तेव्हा फळ्यावर दुसरं युनिट सुरू झालं असेल. हे कुणी तुला सांगितलं नाही. डिप्लोमाचे 84 टक्के पदरात असल्यामुळे तुलाही विचारावंसं वाटलं नसणार. दरवर्षी याच वाटेने आलेली मुलं याच विषयावर अडकतात आणि प्रत्येकाला वाटतं, आपण एकटेच.

हीट ट्रान्सफरचंही बघ. फिनचं, उष्णता बाहेर टाकणाऱ्या पात्याचं, समीकरण म्हणजे सेकंड ऑर्डर डिफरन्शियल इक्वेशनच, डी स्क्वेअर वजा एम स्क्वेअर. एम-थ्रीतलं पहिलं युनिट वेगळ्या कपड्यात. त्यामुळे तुझे दोन विषय अडकले असं तू म्हणतोस, माझ्या हिशेबाने ते दीड आहेत.

पण हे सगळं कळूनही तू उद्या सकाळी वही उघडशील याची मला खात्री नाही, आणि त्यात तुझा आळस नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी 1967 मध्ये कुत्र्यांवर एक प्रयोग केला. आज वाचतानाही अंगावर येतो, पण त्यातून कळलं ते मोलाचं आहे. काही कुत्र्यांना विजेचे झटके दिले. नाकाने एक पट्टी दाबली की ते थांबत. दुसऱ्या गटाला तेवढेच झटके, पण थांबवण्याचा काहीच उपाय नाही. नंतर सगळ्यांना अशा पेटीत ठेवलं, जिथे मधला बुटका अडसर ओलांडला की सुटका होती. पहिल्या गटातले टुणकन पलीकडे गेले. दुसऱ्या गटातले बहुतेक जागच्या जागी पडून राहिले. वाट समोर होती, पण आपण काही केल्याने फरक पडतो हे त्यांच्या लेखी संपलं होतं. "अभ्यास केला काय, नाही केला काय" हे तुझं वाक्य तिथलंच आहे.

लोक ही गोष्ट इथपर्यंतच सांगतात. तुझ्या उपयोगाचं पुढे आहे. त्या कुत्र्यांना बरं कसं केलं? पलीकडून हाका मारल्या, खाणं दाखवलं, काही चाललं नाही. शेवटी गळ्यात पट्टा बांधून त्यांना अक्षरशः ओढत अडसरापलीकडे नेलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. हळूहळू ओढायला जोर कमी लागू लागला, आणि मग ते आपले आपण जाऊ लागले. आणखी एक. पन्नास वर्षांनी, 2016 मध्ये, याच दोघांनी मेंदूवरचं नवं संशोधन पाहून आपला सिद्धांत उलटा केला. त्रास फार वेळ चालला की गप्प पडून राहणं ही मेंदूची मूळचीच तऱ्हा आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते 'माझ्या हातात काही आहे' हे.

म्हणून तू विचारतोस, मन आधी कसं तयार करू, त्याला माझं उत्तर असं की ते आधी तयार होत नाही. आधी पाय ओढत न्यायचे. माइंडसेटच्या पोस्टरांवर माझा फारसा जीव नाही. अमेरिकेतल्या नववीच्या सुमारे 12 हजार मुलांवर झालेला मोठा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. बुद्धी मेहनतीने वाढते, हे मुलांना तासाभराच्याही आत ऑनलाइन समजावलं होतं. मागे पडलेल्या मुलांचे ग्रेड सुधारले, पण चार गुणांच्या मोजपट्टीवर जेमतेम एक दशांश गुणाने. फुकटात मिळालं तर वाईट नाही. एम-थ्री सुटायला मात्र तेवढं पुरत नाही.

तर पट्टा बांधायचा असा. तुझ्याच कॉलेजात डिप्लोमावरून आलेला आणि एम-थ्री काढलेला एखादा सीनियर गाठ. टॉपर नको, त्याला तू कुठे अडतोस ते दिसणार नाही. त्याच्याबरोबर फक्त पहिलं युनिट. सोडवलेलं गणित समोर ठेवायचं, खालचा अर्धा भाग कागदाने झाकायचा, उरलेलं तू पुरं करायचं. रोज तीनच गणितं, एकाच जातीची, हात आपोआप चालेपर्यंत. कंटाळा येईल, येऊ दे. आणि एक पथ्य: तिरकी रेघ बंद. अडलास की खाली अजून एक ओळ लिहायची, चुकीची का असेना. पेपरात स्टेपला मार्क असतात, खोडलेल्या पानाला कुणी काय देणार?

जिथे अडलास तिथे समासात कारण लिही. इथे तुझी भाषा मला बदलून हवी आहे. 'डोकंच नाही' या कारणावर इलाज नाही, ते जन्माचं झालं आणि सगळ्याच विषयांना लागू झालं. 'छेद शून्य झाला की पुढचा नियम आठवत नाही' यावर इलाज आहे, बहुधा त्याच संध्याकाळी. 'बाय पार्ट्स कच्चं आहे' यावरही आहे, जरा वेळ लागेल. उशिरा मिळालेली ॲडमिशन, युनिव्हर्सिटीचं वेळापत्रक, तुझ्या हातात नाही. तेही लिही, पण वेगळ्या पानावर.

एमपीएससीचं म्हणशील तर विचार वाईट नाही, वेळ वाईट आहे. राज्यसेवेला पदवी लागते, डिप्लोमा चालत नाही. इंजिनिअरिंग सोडलंस तर मुक्त विद्यापीठातून का होईना, पदवी पहिल्यापासून करावी लागेल. म्हणजे दीड विषयाला कंटाळून तीन वर्षं अंगावर घ्यायची. शिवाय ती परीक्षाही अशीच आहे: भरपूर अभ्यास, निकाल लांब, आणि पूर्व परीक्षेत दोन मार्कांनी गेलास तर दाद ना फिर्याद. आजच्या मनःस्थितीत तिकडे गेलास तर हेच वाक्य सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसून लिहिशील. पुढचा एम-थ्री देऊन झाल्यावर हा प्रश्न मला पुन्हा विचार, तेव्हा मी तो गंभीरपणे घेईन. आणि तुझा डिप्लोमा कुठे पळून गेलेला नाही, हे विसरू नकोस. स्टाफ सिलेक्शनची ज्युनिअर इंजिनिअरची परीक्षा, रेल्वेची जेई, कंपन्यांमधली अप्रेंटिसशिप, यांना तो आजही चालतो. वाटा आहेत एवढं माहीत असलं की पेपरला बसताना छातीवरचं ओझं कमी होतं.

इयर डाउनच्या, म्हणजे विषय राहिल्याने वर्ष अडकण्याच्या, नियमांबद्दल हॉस्टेलच्या गप्पांवर जाऊ नकोस. परीक्षा विभागात जा, तुझ्या अभ्यासक्रमाच्या पॅटर्नला पुढच्या वर्षात जायला नेमकं काय लागतं ते विचार, लिहून घे. निम्मी भीती त्या खिडकीवरच उतरेल.

घरी मात्र या आठवड्यात सांग. निकालाच्या दिवशी, रडत, फोनवर नको. वडिलांना एम-थ्री म्हणजे काय ते कळणार नाही, कळायची गरजही नाही. "दोन विषय राहिले आहेत, कारण सापडलं आहे, अमक्या महिन्यात परीक्षा आहे," एवढं पुरे. ते चिडतील. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन कर.

पत्रात तू झोपेबद्दल काही लिहिलं नाहीस, तरी विचारते. रात्र रात्र डोळा लागत नसेल, जेवण नकोसं झालं असेल, किंवा जगून काय उपयोग असं मनात येत असेल, तर गणिताची वही बाजूला ठेव आणि 14416 वर फोन लाव. ती सरकारची टेलिमानस सेवा आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. अशा वेळी माझ्या पत्राची वाट बघायची नाही.

आणि ता. क.मधला क्लास. आत्ता नको. तिथे ते सहाही युनिटं धावत संपवतील, तू मागच्या बाकावर बसून उतरवून घेशील आणि जमत नाही याचा आणखी एक पुरावा गोळा करशील. आधी सीनियरबरोबर पहिलं युनिट होऊ दे. त्यानंतरही लाप्लास अडला, तर फक्त तेवढा भाग शिकवणारा कुणी बघ. असे शिकवणारे असतात, आणि पूर्ण क्लासची फी मागत नाहीत.