फोटो पुसायचे नाहीत

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

फलाटावर गाड्यांचे फोटो काढताना रेल्वे सुरक्षा दलाच्या (आरपीएफ) जवानाने तुला अडवलं आणि फोटो पुसायला लावले, हा तुझा निरोप वाचला. आधी तातडीचं सांगतो. कॅमेऱ्यातल्या त्या मेमरी कार्डावर आता एकही नवा फोटो काढू नकोस. कार्ड कॅमेऱ्यातून काढ आणि बाजूला ठेव. डिलीट केलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही. तिच्या जागी दुसरं काही साठवलं जाईपर्यंत ती बहुतेक वेळा परत मिळते. रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवणं जमलं नाही तर कार्ड घेऊन माझ्याकडे ये.

आता त्या जवानाबद्दल. त्याने तुला थांबवलं, नाव-गाव विचारलं, तिकीट पाहिलं, इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. ते त्याचं कामच आहे. पण समोर उभं राहून फोटो पुसायला लावले, हे साफ चूक. फोटो काढणं गुन्हा असेल तर तो फोटो पुरावा ठरतो, आणि पुरावा रीतसर जप्त करायचा असतो. गुन्हा नसेल तर पुसण्याचा प्रश्नच उरत नाही. पुढच्या वेळी आवाज न चढवता एवढंच म्हण, "साहेब, यात काही चुकीचं असेल तर लेखी नोंद करून जप्त करा, मी स्वतः पुसणार नाही." कॅमेरा हिसकायला लागले तर ओढाताण मात्र करायची नाही. छातीवरच्या पट्टीवरचं नाव आणि घड्याळातली वेळ लक्षात ठेवायची. मोबाइल त्यांच्या तोंडासमोर धरून शूटिंग सुरू करावं, असं बरेच जण सांगतील. मला ते पटत नाही. समजुतीने मिटणारी गोष्टही त्याने हातघाईवर येते.

"सिक्रेट्स ॲक्ट लावीन" अशी धमकी दिली म्हणालीस. हा सरकारी गुपितांचा कायदा 1923 चा. त्यात प्रतिबंधित जागांची व्याख्या आहे आणि रेल्वेचाही उल्लेख आहे. पण नुसती रेल्वे आहे म्हणून ती जागा प्रतिबंधित ठरत नाही. केंद्र सरकारने राजपत्रात तशी अधिसूचना काढावी लागते आणि तिची प्रत त्या जागेवर इंग्रजीत व स्थानिक भाषेत लावावी लागते. तू उभी होतीस त्या फलाटावर तसं काही लावलेलं होतं का? भजीचा स्टॉल आणि रोज हजारो लोकांची ये-जा असलेला फलाट होता तो.

दूधसागरचं प्रकरण तुला आठवत असेल. 2023 च्या पावसाळ्यात धबधबा बघायला रुळांवरून चालत गेलेल्या पोरांना उठाबशा काढायला लावल्याचे व्हिडिओ सगळीकडे फिरले. लोक दोन गटांत वाटले गेले, एक पोरांना दोष देणारा, दुसरा उठाबशा काढायला लावणाऱ्यांना. मला दोन्ही गट अर्धेच बरोबर वाटले. रुळांवरून चालणं हा 1989 च्या रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली गुन्हा आहे. त्याला कैद आहे, दंड आहे. उठाबशा मात्र कुठल्याच कलमात नाहीत. शिक्षा काय द्यायची ते दंडाधिकारी ठरवतात, जवान नाही. म्हणूनच अशा गुन्ह्याचा "दंड" म्हणून कोणी फलाटावरच रोख मागितली तर द्यायची नाही. टीसीचा विनातिकिटाचा दंड वेगळा. तो जागेवर भरता येतो, पावती घेऊन.

त्या पोरांच्या बाजूने मला बोलता आलं नाही, कारण ती मुळात रुळांवर होती. तुझ्या बाजूने मी भांडू शकतो, कारण तू फलाटावर होतीस आणि खिशात तिकीट होतं. हे असंच ठेव. फलाट तिकीट 10 रुपयांचं, पण ते दोनच तास चालतं. कर्जतला बँकर, म्हणजे घाट चढायला गाडीला मागून जोर देणारी इंजिनं जोडताना बघत बसलीस की दोन तास कधी उलटले ते कळत नाही, तेव्हा दुसरं काढायचं. पिवळ्या पट्टीच्या आत. फ्लॅश कधीच नाही, मोटरमनच्या डोळ्यांवर तो जातो. पादचारी पुलावरून मोनोपॉड किंवा सेल्फी स्टिक बाहेर काढायची नाही. खालच्या तारेत 25,000 व्होल्ट असतात आणि झटका बसायला तारेला हात लागावाच लागतो असं नाही. यार्डात परवानगीशिवाय पाऊल नाही, मग लाइनमनकाका कितीही ओळखीचे असोत. आणि सपाट वॅगनवर रणगाडे लादलेली लष्कराची गाडी समोरून गेली तर कॅमेरा खाली. तो मोह मोठा असतो, मला माहीत आहे. तिथे जवानाची शंका रास्त असते आणि आपली हौस दुय्यम.

ही शंका कुठून आली, तेही समजून घे. 11 जुलै 2006 ला पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले. 26 नोव्हेंबर 2008 ला, तेव्हाच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर, रेल्वे पोलिसांचे शशांक शिंदे गेले. आरपीएफचे हेड कॉन्स्टेबल जिल्लू यादव जुन्या रायफलीनिशी अतिरेक्यांना सामोरे गेले. आज फलाटावर उभ्या असलेल्या पंचविशीतल्या जवानाला प्रशिक्षणात हेच शिकवलेलं असतं. स्टेशनाचे फोटो काढणारा अनोळखी माणूस त्याला टेहळणी करणारा वाटला तर मी त्याला मूर्ख म्हणणार नाही. पण त्याच रात्रीची दुसरी गोष्ट त्याला कोणी सांगत नाही. कसाबचा हातात बंदूक घेतलेला जो फोटो जगाने पाहिला, तो त्याच स्टेशनात सेबॅस्टियन डिसूझा या छायाचित्रकाराने काढला. तो पुढे खटल्यात पुरावा झाला आणि डिसूझांनी कोर्टात साक्ष दिली. कॅमेरा सुरक्षेचा शत्रू नाही, याचा याहून मोठा दाखला मला देता येत नाही.

म्हणून उतरल्या उतरल्या स्टेशन मास्तरांच्या खोलीत जा. "मी अमुक, गाड्यांचे फोटो काढते, चार नंबर फलाटाच्या कल्याणकडच्या टोकाला असेन" असं सांग. आधीचे दोन-चार फोटो मोबाइलमध्ये दाखव. बऱ्याच ठिकाणी माणसं खूश होतात, येणाऱ्या मालगाडीची वेळही सांगतात. फोटो विकायचे असतील किंवा व्यावसायिक चित्रीकरण असेल तर परवानगी आणि शुल्क लागतंच. तू हौशी असलीस तरी एक पत्र मिळवून ठेव. मध्य रेल्वेसाठी सीएसएमटीला, पश्चिमसाठी चर्चगेटला, कोकण रेल्वेसाठी बेलापूरला जनसंपर्क विभागाकडे अर्ज करायचा. पत्राची प्रत बॅगेत असली की बोलणं पाच मिनिटांत संपतं.

आणखी एक, खास तुझ्यासाठी. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच घ्यायची असते. सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करता येत नाही. अपवाद म्हणून करायचीच तर महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. चौकीत नेलं तर आधी घरी फोन कर. "माफीनामा" म्हणून पुढे केलेल्या कागदावर न वाचता सही करू नकोस. लिहायचंच असेल तर घडलं तेवढंच, मराठीत, स्वतःच्या अक्षरात लिही.

तू लिहिलंस, "काका, एवढं सगळं करून फोटो काढायचेच कशाला?" या वाक्याने मला झोप लागली नाही. मुंबईत विजेची पहिली गाडी 3 फेब्रुवारी 1925 ला हार्बर मार्गावर कुर्ल्यापर्यंत धावली, 1,500 व्होल्टच्या डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या) विजेवर. ती डीसी 2016 मध्ये त्याच हार्बर मार्गावर संपली. मधल्या एक्याण्णव वर्षांत किती प्रकारचे रेक (डब्यांचे संच) आले आणि भंगारात गेले! त्यांतले कितीतरी आज दिसतात ते कोणा हौशी माणसाने फलाटावर उभं राहून फोटो काढला म्हणून. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची अरुंद रुळांवरची शकुंतला गाडी घे. 1994 पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं, आता गाडीच बंद आहे. मिरज-लातूरची बार्शी लाइट रेल्वे घे, तिचे अरुंद रूळ उखडून मोठे टाकले. त्या डब्यांत बसलेली माणसं, कोळसा ओढणारे फायरमन, पाणी भरायला थांबलेली इंजिनं, हे सगळं ज्यांनी टिपलं त्यांनाही कोणीतरी हटकलंच असेल. त्यांनी पुसलं असतं तर आपल्या हाती काय राहिलं असतं?

आता काम. रेल्वेच्या 139 या हेल्पलाइनवर किंवा रेलमदद ॲपवर तक्रार नोंदव आणि तिचा क्रमांक जपून ठेव. त्यासोबत विभागीय सुरक्षा आयुक्तांना, म्हणजे विभागातल्या आरपीएफच्या प्रमुखांना, पत्र लिही: तारीख, वेळ, फलाट क्रमांक, पट्टीवरचं नाव, घडलेला प्रकार. विशेषणं नकोत. तिसरं, माहितीच्या अधिकारात विभागीय कार्यालयाकडे एकच प्रश्न विचार: या स्टेशनवर प्रवाशांना छायाचित्रणास मनाई करणारा आदेश असल्यास त्याची प्रत द्यावी. अर्जाला 10 रुपये लागतात. तिन्हींचे मसुदे पाठवण्याआधी मला दाखव, शब्द मी बघतो. आणि पुढच्या वेळी त्याच स्टेशनवर जायचं असेल तर मी सोबत येतो.

तुझा,
काका