टेकडीवरची पायवाट दर पावसाळ्यात का वाहून जाते

दोन वर्षं मुरूम टाकला, दोन्ही वेळा तो पायथ्याशी जाऊन बसला, म्हणून आता सिमेंटच्या पायऱ्या कराव्यात का, असं तुम्ही विचारलंय. कृपा करून सिमेंट नको. दोष आखणीचा आहे. तुमची वाट नाकासमोर सरळ चढते आणि पाणीही नेमकं त्याच रेषेत उतरतं. पायांनी झिजून वाट आजूबाजूच्या जमिनीपेक्षा चार बोटं खाली गेली की पाण्याला बाजूला निघायला जागाच उरत नाही, वाटेचा ओढा होतो. पुण्यातली वेताळ टेकडी असो की तळजाई, वर मातीचा पातळ थर, खाली मुरूम आणि मग काळा पाषाण. ती माती एकदा गेली की आपल्या हयातीत परत येत नाही.

वाट आडवी वळवा. तिचा चढ टेकडीच्या उताराच्या निम्म्याहून कमी हवा आणि सरासरी 10 टक्क्यांच्या आत, म्हणजे 10 मीटर अंतरात फार तर 1 मीटर उंची. टेकडीचाच उतार 16 टक्के असेल तर वाट 8 च्या आत. मोजायला गवंड्याची पाण्याची नळी पुरते. दर 10–15 मीटरवर चढत्या वाटेला तीन-चार पावलं मुद्दाम खाली उतरवा, मग पुन्हा चढवा. पाणी त्या खोलगट जागी बाहेर पडतं. हे आखतानाच करायचं. नंतर आडवे चर खणले तर ते गाळाने भरतात.

वाटेची पूर्ण रुंदी टेकडीत कापून काढा. अर्धी कापून उरलेल्या अर्ध्यात भराव घातला तर तो खचतो. 1 मीटर रुंद वाटेची उताराकडची कड 5 सेंटीमीटर खाली ठेवा आणि बाटलीभर पाणी ओतून बघा: ते वाट ओलांडून आडवं गेलं पाहिजे.

वळायला जागाच नसेल तिथे दगडी पायऱ्या. दगड पहारीनेच हलेल एवढा मोठा, दोन-तृतीयांश जमिनीत गाडलेला, वरचा खालच्याच्या मागच्या कडेवर टेकलेला. उंची 15 ते 18 सेंटीमीटर. 25 केलीत तर गुडघेदुखीवाले बाजूच्या मातीतून उतरतील आणि तिथे नवी घळ पडेल. म्हणून दोन्ही अंगांना ओबडधोबड दगड रचाच.

जुन्या घळीत दगडांचे आडवे बांध घाला, खालच्या बांधाचा माथा वरच्याच्या पायथ्याच्या पातळीत. दोन्ही तोंडांशी, नजर जाईल तिथवर, बाभळीच्या काटेरी फांद्या पसरा, नाहीतर लोक जुनीच वाट धरतात.

जमीन वनखात्याची असेल तर लेखी परवानगीशिवाय कुदळ लावू नका. काम ऑक्टोबरात, ओल असताना करा. मे महिन्यात कोरडा मुरूम धुम्मसाने कितीही ठोकला तरी दबत नाही.

आणि दरवर्षी पाऊस संपला की बाहेरची कड बघा. तिथे गाळ साचून बोटभर उंच बांध तयार होतो, त्यात गवत मूळ धरतं आणि पाणी परत वाटेत अडकतं. तो फावड्याने खरवडून उताराकडे पसरून द्या. नेमका कुठे काढायचा ते जुलैच्या जोरदार सरीत छत्री घेऊन वाटेवर दहा मिनिटं उभं राहिलात की स्पष्ट दिसतं; तिथे खुणेचा दगड ठेवून या.