टर्बो पेट्रोल देऊन डिझेल घ्यावी का?

प्रश्न: दोन लिटरची टर्बो पेट्रोल गाडी देऊन दीड लिटरची डिझेल घ्यायचा विचार आहे. रोजचं जाणं-येणं जेमतेम ६ किलोमीटर. परवडेल?

उत्तर: मायलेज वाढेल, पण एवढ्याशा फेऱ्यांत डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, तुंबणार. काजळी जळायला तो साधारण ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापावा लागतो. त्यासाठी मोकळ्या रस्त्यावर सलग १५-२० मिनिटं गाडी पळायला हवी. काजळी जाळायचं हे काम वारंवार अर्धवट राहिलं, की त्यासाठी जादा फवारलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवर, पातळी चढलेली दिसली तर खूश होऊ नका. ऑइल बदला, तेही जळल्यावर कमी राख सोडणारं लो-अ‍ॅशच. आठवड्यातून एखादी लांबची फेरी होत नसेल तर छोटी पेट्रोलच घ्या. तरीही जुनी डिझेल बघायला गेलात, तर इंजिन थंड असतानाच स्टार्ट करून पाहा.