जळगाव–मुंबई विमानाने किती किलोमीटर? साइटवर ४५ मिनिटं दिसतात, तिकिटावर सव्वा तास. पुढे दुबईचं विमान पकडायचंय, तर कोणतं धरू?

दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण तुम्ही सव्वा तासच धरा.

आधी अंतर. जळगाव विमानतळ २०.९६ उत्तर, ७५.६३ पूर्व, मुंबई १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. अक्षांशाचा फरक १.८७, गुणिले १११ म्हणजे २०८ किमी. रेखांशाचा २.७६, आपल्याकडे एक रेखांश साधारण १०४.५ किमी भरतो, म्हणजे २८८. दोन्हींच्या वर्गांची बेरीज, तिचं वर्गमूळ : ३५५ किमी. रेल्वेने हेच ४२० पडतं.

या मार्गावर एटीआर-७२ हे पंख्याचं विमान चालतं, वेग ताशी ५०० किमीच्या आसपास. ३५५ भागिले ५०० म्हणजे ४३ मिनिटं. साइट एवढंच गणित करते. पण चढताना-उतरताना तो वेग मिळत नाही, मुंबईत उतरायला रांग असते आणि उतरल्यावर पार्किंगपर्यंत बरंच रांगत जावं लागतं. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हललं तिथपासून मुंबईत उभं राहीपर्यंतची असते.

पावसाळ्यात मुंबईवर घिरट्या घालायला लावतात. एक घिरटी साधारण ४ मिनिटांची. पाच झाल्या की वीस मिनिटं गेलीच. मे महिन्यात अडचण जळगावची. पारा ४४-४५ वर गेला की हवा विरळ होते, पंखांना उचल आणि इंजिनला ताकद कमी मिळते, धावायला जास्त लांबी लागते. आपली धावपट्टी १७०० मीटरच आहे, त्यामुळे कधीकधी वजन कमी करून उडावं लागतं. दुपारचं विमान असेल तर सामान हलकंच ठेवा.

एटीआरचे वरचे कप्पे लहान असतात. चाकांची बॅग बहुतेक शिडीपाशीच काढून घेतात, म्हणून पासपोर्ट, औषधं, चार्जर आधीच पिशवीत घ्या. चढ-उतार मागच्या दाराने होते. मागची सीट घेतली तर आधी बाहेर पडाल.

आता दुबईचं. दोन्ही प्रवास एकाच पीएनआरवर असतील तर पहिल्या विमानाला उशीर होऊन दुबईचं चुकल्यास पुढची सोय कंपनी बघते. वेगळी तिकिटं असतील तर मुंबईत सामान स्वतः घ्यायचं, पुन्हा चेक-इन करायचं, वर इमिग्रेशनची रांग. आंतरराष्ट्रीय काउंटर उड्डाणाच्या साधारण तासभर आधी बंद होतो. मध्ये किमान ५ तास ठेवा, पावसाळ्यात ७. जळगावचं विमान रोज आहे असंही गृहीत धरू नका, वार बदलत असतात. तुमच्या तारखेला ते नसेल किंवा एवढी फट मिळत नसेल, तर आदल्या रात्रीची रेल्वे बरी.

धुळेकरांनी मात्र या भानगडीत पडू नये. नव्वदेक किमी उलटं जळगावला येण्यापेक्षा तेवढ्यात गाडी नाशिकच्या रस्त्याला बरीच पुढे गेलेली असते.