चित्रकलेचे प्रश्नोत्तर : पुरात उभ्या नायिकेचा झगा

प्रश्न : मी नाशिकच्या सिडको भागात राहते आणि पदवीच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. आठवीपासून अमेरिकन कॉमिक्स आणि जपानी मांगा वाचून त्यांतील चित्रे मी वहीत उतरवत आले आहे. आता मी स्वतःची एक सुपरहिरोइन रचली आहे. गोदावरीच्या पुरात अडकलेल्या माणसांना ती बाहेर काढते. तिचे चित्र सोबत पाठवत आहे. ज्यांना दाखवले, ते सारे ‘ही अमकीसारखी दिसते’ असेच म्हणतात. ती माझी कशी होईल?

उत्तर : तुमचे चित्र दोन दिवस मी टेबलासमोर लावून ठेवले होते. त्यातील गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत चढलेले गढूळ पाणी पाहून मला फार आनंद झाला. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले की कमरेला, की गळ्याला, यावरून नाशिककर पुराची उंची मोजत आले आहेत, आणि ही गोष्ट अंगवळणी पडलेल्या हातानेच ते पाणी काढले आहे. मात्र त्याच पाण्यात उभी असलेली तुमची नायिका भिजलेली नाही. तिचा खांद्यावरून पाठीमागे सोडलेला लाल झगा वाऱ्यावर ताठ उडतो आहे, कमरेपर्यंतचे मोकळे केस कोरडे आहेत, पाण्याला इतकी ओढ असूनही तिचे दोन्ही पाय सरळ आहेत आणि हात पाठीमागे लपवलेले आहेत. लोकांना ती ओळखीची वाटते ती या कोरडेपणामुळे. दुसऱ्या कथेतून उचलून तिला इथे उभी केली आहे, हे पाहणाऱ्याला लगेच कळते.

कॉमिक्समधील प्रत्येक रूढी ही कोणत्या तरी अडचणीवर कोणी तरी शोधलेला उपाय असते. झगा हा उडणाऱ्या आकृतीला दिशा आणि वेग देतो. अंगाला चिकटलेला पोशाख सर्कशीतील कसरतपटूंच्या वेषावरून आला, आणि स्वस्त कागदावर मोजक्या रंगांत छपाई होत असल्यामुळे त्याला लाल, निळा, पिवळा असे ठळक रंग मिळाले. मांगातील बहुतेक पाने काळ्या-पांढऱ्यात छापली जातात. रंगाची मदत नसल्यामुळे तिथे पात्राची ओळख केसांच्या आकारावर आणि भावना डोळ्यांवर येऊन पडते. तुमची नायिका उडत नाही, ती पोहते. मग तिला झगा कशासाठी हवा? दोन वार कापड पुरात भिजले, तर ते तिलाच खाली ओढील.

ज्यांच्याकडून आपण घेतो, त्यांनी काय केले होते तेही पाहावे. जपानी मांगा-चित्रकार ओसामु तेझुका यांचे बालपण ताकाराझुका या गावात गेले. तिथे सर्व भूमिका स्त्रियाच करतात असे एक प्रसिद्ध संगीत रंगमंडळ आहे, आणि लहानपणी आईबरोबर ते त्याचे प्रयोग पाहत. 1953 साली त्यांनी मुलींच्या मासिकात राजपुत्राच्या वेषात वावरणाऱ्या राजकन्येची चित्रकथा सुरू केली, तेव्हा त्या रंगमंचावरचे भरजरी पोशाख आणि रंगवलेले, चमकणारे डोळे तिच्यात उतरले. 1991 च्या अखेरीस मांगा-चित्रकर्ती नाओको ताकेउची यांनी ‘सेलर मून’ ही चित्रकथा सुरू केली आणि जपानी शाळकरी मुलींचा खलाशी कॉलरचा रोजचा गणवेश हाच नायिकांचा पोशाख केला. आज जे आपल्याला ‘मांगासारखे’ वाटते, ते त्यांच्यासाठी गावातले नाट्यगृह आणि शाळेतला गणवेश होते.

म्हणून एखाद्या सकाळी गोदाघाटावर जाऊन तासभर बसा. धुणे धुणाऱ्या बायका पाण्यात उतरताना साडी कशी खोचतात, ते पाहा. पिळा कमरेला कुठे बसतो, ओले कापड पोटरीला चिकटल्यावर त्याच्या चुण्या कुठून सुटतात, पिळताना शरीराचा भार कोणत्या पायावर जातो आणि दुसऱ्या पायाची टाच कशी उचलली जाते, हे सारे दोन-दोन मिनिटांच्या वीस कच्च्या रेखाटनांत टिपा. चेहरे काढू नका. काष्टा घातलेली एखादी आजी भेटली तर तिच्या पाठीमागून रेखाटन करा. कापड दोन पायांमधून मागे नेऊन खोचल्यामुळे पाय किती मोकळे राहतात, ते तिथूनच कळते. घाटावर पोहणारी मुले टायरची ट्यूब आणि दोर कसा धरतात, तेही पाहून ठेवा. या रेखाटनांतून तिचा पोशाख आपोआप ठरत जाईल आणि तुम्ही लपवलेले हात बाहेर काढावे लागतील, कारण माणसे वाचवणाऱ्या नायिकेचे खरे काम हातांचेच असते. मीही शिकत असताना दोन वर्षे एकाच चित्रकाराचे हात गिरवले. ते सुबक दिसत, पण त्यांना कधी काही धरता आले नाही. स्वयंपाकघरात आईचे हात काढू लागल्यावर ती सवय सुटली.

सरतेशेवटी नवी आकृती पूर्ण काळ्या शाईने भरून नखाएवढी लहान करा. चेहरा, रंग, चिन्ह असे काहीही दिसत नसताना ती ओळखू आली, तर ती तुमची झाली.

प्रश्न : माझी चौदा वर्षांची मुलगी दिवसभर तोकड्या कपड्यांतल्या लढाऊ नायिका काढत असते. तिला थांबवावे का? (एक आई, इंदिरानगर)

उत्तर : थांबवू नये. ती जे पाहते आहे तेच काढते आहे, आणि या शैलीतील पुष्कळशी चित्रे पुरुष वाचकांना समोर ठेवून घडली, हा दोष तिचा नाही. तिच्या शेजारी बसून एवढेच विचारा, की या कपड्यांत हिला भिंत चढता येईल का, खाली वाकता येईल का, थंडीत रात्र काढता येईल का? छाती आणि पाठ एकाच वेळी दिसावी म्हणून कणा पिळवटलेली आकृती दिसली, तर तिला स्वतःला आरशासमोर तसे उभे राहून पाहायला सांगा. दोन क्षणांत कंबर बोलू लागते. तिला हेही सांगा, की वर्तमानपत्रातून गाजलेली ‘मिस फ्यूरी’ ही मुखवटाधारी नायिका 6 एप्रिल 1941 रोजी एका स्त्रीने जन्माला घातली. टार्पे मिल्स या चित्रकर्तीने आपण स्त्री आहोत हे वाचकांना कळू नये म्हणून आपले ‘जून’ हे पहिले नाव गाळले होते. आपल्या मुलीला नाव लपवावे लागत नाही, आणि तिच्या वहीवर तिचे पूर्ण नाव ठसठशीतपणे लिहिलेले असावे असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : मी मांगाच्या धर्तीवर मराठी चित्रकथेची पाने करतो, पण संवाद फुग्यांत मावत नाहीत आणि वाचणारे चौकटींच्या क्रमात गोंधळतात. (एक वाचक, नाशिक रोड)

उत्तर : दोन्ही अडचणींचे मूळ एकच आहे. जपानी मजकूर पारंपरिक पद्धतीने वरून खाली लिहिला जातो आणि त्याच्या ओळी उजवीकडून डावीकडे सरकतात; त्यामुळे तिथले संवादाचे फुगे उभे आणि अरुंद असतात. देवनागरी आडवी चालते, तिला शिरोरेषा आहे, वर वेलांटी आणि रफार, खाली उकार आहेत. दोन ओळींत पुरेसे अंतर ठेवले नाही, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेत अडकतो. म्हणून आधी कच्च्या पानावर संवाद स्वतःच्या हाताने, अंतिम आकारात लिहा, मग त्याभोवती रुंद फुगा काढा आणि उरलेल्या जागेत आकृती बसवा. चित्र पूर्ण करून नंतर अक्षरे कोंबण्याची सवय बहुतेक नव्या चित्रकारांना असते, आणि ती मोडायलाच हवी.

मांगाचे पान उजवीकडून वाचले जात असल्यामुळे तिथे डावीकडे धावणारी आकृती पुढे जाते; आपल्या डोळ्यांना तीच आकृती परत फिरल्यासारखी वाटते. पान संगणकावर नुसते उलटवूनही भागत नाही. मांगाच्या सुरुवातीच्या अनेक इंग्रजी आवृत्त्यांत पाने अशी उलटवली गेली आणि उजव्या हाताने लढणारी पात्रे डावखुरी झाली; आपल्याकडे तर पदरच चुकीच्या खांद्यावर जाईल. चौकटींची मांडणी डावीकडून उजवीकडे नव्याने करा. ध्वनिशब्द मात्र मोकळेपणाने वापरा. मांगात शांततेलाही ‘शीन’ असा लिखित ध्वनी आहे. आपल्याकडे डुबुक, खळखळ, धो धो, सळसळ, धाडकन अशी केवढी तरी संपत्ती आहे, आणि ती अक्षरे चित्राचाच भाग म्हणून ब्रशने काढता येतात.

कागदाविषयी थोडक्यात सांगतो. जपानी व्यावसायिक चित्रकार साधारण 257 गुणिले 364 मिलिमीटरच्या कागदावर काम करतात आणि ते छपाईत लहान होते. तुम्ही ए-3 आकाराचा जाड, गुळगुळीत कागद आणि पाण्याने न पसरणारी काळी शाई घ्या. फार बारीक रेषा टाळा, लहान करताना त्या पुसट होतात.

प्रश्न : आवडत्या नायिकांची चित्रे काढून प्रदर्शनात विकली तर चालेल का? आणि माझी स्वतःची नायिका कोणी चोरली तर? (एक विद्यार्थी, पंचवटी)

उत्तर : सरावासाठी घरी काढायला हरकत नाही. मात्र दुसऱ्याच्या पात्राची चित्रे विकण्यासाठी त्याच्या हक्कधारकाची परवानगी लागते. ‘मी स्वतः काढले’ एवढे पुरत नाही. भारतात 1957 चा कॉपीराइट कायदा कल्पनेला संरक्षण देत नाही, तिच्या प्रत्यक्ष मांडणीला देतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली एका नाटक-चित्रपटाच्या वादात हे स्पष्ट केले आहे. म्हणजे ‘पाण्यावर सत्ता असलेली नायिका’ ही कल्पना कोणाच्याच मालकीची नाही. पण तुम्ही रेखाटलेला तिचा चेहरा, वेष आणि कथा तुमची आहे, आणि हा हक्क चित्र पूर्ण होताच मिळतो. नोंदणी ऐच्छिक आहे. वादाच्या वेळी मात्र ती उपयोगी पडते. चित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या पश्चात 60 वर्षे हा हक्क टिकतो. नोकरीत असताना किंवा कराराने केलेल्या कामाची मालकी वेगळी ठरू शकते, म्हणून सही करण्यापूर्वी कागद वाचा. कच्ची रेखाटने फेकू नका. प्रत्येकावर तारीख घालून एका फाइलीत ठेवा, कारण नायिका पहिल्या रेघेपासून तुमच्याच हातून कशी घडत गेली, हे त्यांतूनच दाखवता येते.